यादीत न घातलेल्या सहा ताया

नाही काका, तुम्ही ज्यांना भेटायला आलात त्या नाहीत. बाहेर गेल्यात असं नाही — नाहीतच. आठ महिने झाले. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, या ड्रमवर बसा, वॉशिंग मशीनचाच आहे, पालथा घातलाय, गिऱ्हाइकं यावरच बसतात. पाणी देऊ? बरं, राहू दे. काका म्हटलं तर चालेल ना? तुमचं खरं नाव मला माहीत नाही आणि ते जाळ्यावरचं टोपणनाव तोंडाने हाक मारायला जड जातं. फक्त एक सांगतो — एक वाजून दहा मिनिटांनी इथं माझे वडील डबा घेऊन येतात. मिनिटाचा फरक पडत नाही. त्याच्या आत आपण बोलून घेऊ आणि तुम्ही निघा. का ते सांगतो. म्हणजे — सांगेन बहुतेक.

हो, कळतंय मला, तुम्ही मनात काय मोजताय. आठ महिने, आणि कडीकोयंड्याचं शेवटचं पत्र तुम्हाला आलं पाच आठवड्यांपूर्वी. बरोबर मोजलंत. कडीकोयंडा म्हणजे माझी बहीण, सख्खी, सात वर्षांनी मोठी, आणि ती असेपर्यंतची पत्रं तिची, त्यानंतरची माझी. तिच्या कॉम्प्युटरवर बसून, तिच्या नावानं. अवघड नव्हतं हो. ती लिहायची तरी किती? चार ओळी. आणि शेवटी 'बाकी ठीक'. मीही चार ओळी लिहायचो आणि शेवटी 'बाकी ठीक'. आठवी नापास माणूस आहे मी, पण चार ओळी जमतात. तुम्ही एकदा विचारलं होतंत, 'बरेच दिवस खोकला होता तुम्हाला, गेला का?' — ते वाचून मी उठलो आणि मागच्या मोरीत जाऊन उभा राहिलो, नळ सोडून. मग परत येऊन लिहिलं, 'गेला. बाकी ठीक.' खोकला गेला म्हणजे — खोटं तरी कुठे होतं? असं मी माझ्याशीच म्हणत होतो. निर्लज्जपणाला काही कमी नाही, काका.

नका, ते फोनवरचं पत्र वाचून दाखवू नका. मला पाठ आहे. 'तुम्हाला काय मोठे मुकादम नेमलंय का. स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याच्या मशीन मोजत बसायचं. चोराच्या उलट्या बोंबा.' आणि त्याच्या पुढचं तर — पुढचं आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. याच दुकानात उभ्या उभ्या लिहिलं, हात साबणाचे, फोन निसटत होता, तरी लिहिलं. आणि पाठवलं. पाठवायच्या आधी माणूस एकदा वाचून बघतो. मी नाही बघत. माझं असंच आहे, आधी हात जातो, मग डोकं पोचतं. तुमच्या लोकांनी, ते जाळं सांभाळणाऱ्यांनी, किती सभ्यपणे विचारलं होतं — तुमच्या अकरा रिले मशीन आम्हाला ठाऊक आहेत, पण आणखी सहा एकाच धाटणीच्या दिसतात, त्या तुमच्या असतील तर यादीत घाला, नसतील तर सांगा, पाच दिवसांत कळवा. एवढंच. आणि तिच्या नावानं त्यांना उत्तर काय गेलं? सात वर्षं जिनं कुणाला 'अरे' म्हटलं नाही तिच्या नावानं! पाचव्या दिवशी सतराच्या सतरा जाळ्याबाहेर. आणि कडीकोयंडा हे नाव त्या दुसऱ्या यादीत, जिच्यात लबाड लोकांची नावं असतात. मी ती यादी रोज उघडून बघतो. तिचं नाव वरून चौथं आहे.

म्हणूनच तुम्ही आलात ना? ती असं लिहिणार नाही, असं वाटलं तुम्हाला? तुम्हा एकट्यालाच वाटलं हे. इथला पत्ता — हो हो, आठवलं, तो छोटा कॉम्प्युटर तुम्हीच धाडला होतात ना पार्सलनं, दुकानाच्या पत्त्यावर. काड्यापेटीएवढा. मीच सही करून घेतला होता. ती इथं त्या ओट्यावर बसून तो जोडत होती आणि मी म्हटलं, 'एवढ्याशा जिवाला काय काम देतेस?' तर म्हणाली, 'हा धाकटा. धाकट्याला एकच काम — वर बघून सांगायचं, कोण पडलंय.' म्हणजे कुठलं मशीन बंद पडलं की यानं तिच्या फोनला कळवायचं. त्याचं नाव तिनं ठेवलं भाचा. तिनं सगळ्यांची नावं नात्यातलीच ठेवली होती. सगळ्यात जुनी आजी. मग मामा, मावशी, दोन आत्या, एक काका — तो काका सारखा पडायचा, तुम्ही मनावर घेऊ नका. आमची आई बिचारी स्वयंपाकघरातून ऐकायची, 'आत्या पडली, आत्या पडली!' पहिल्यांदा ती हातातली परात टाकून पळत आली होती. नंतर सवय झाली. नंतर तीच विचारायची, 'मामा अजून फार खातो का गं?' आणि ताई म्हणायची, 'मामाला आता मर्यादा घातलीय, महिन्याचा ठरलेला डेटा खाऊन गप्प बसतो.' त्या मशीन होत्या परमुलखात भाड्याच्या खोल्यांत, कुणी कधी डोळ्यांनी बघितल्या नाहीत, पण आमच्या घरी ताटावर बसलं की विषय त्यांचाच. बाबा सोडून. बाबा खाली मान घालून जेवायचे.

तिची नोकरी इंटरनेटच्या तक्रारी घ्यायची, दिवसभर कानाला ते लावून लोकांच्या शिव्या ऐकायची, आणि घरी येऊन हे फुकटचं. मी विचारायचो, 'तुला काय मिळतं गं यातून?' ती म्हणायची, 'काही नाही. कुणीतरी जातं यातून.' 'कोण?' 'ते विचारायचं नाही.' तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिचे गुरू, पण मला तिनं माझ्या भाषेत सांगितलं होतं. माणूस कुणाला न कळता काही वाचायला निघाला की त्याची वाट तीन मशीनींतून जाते. पहिल्या मशीनला कळतं कोण आलं, पण कुठं चाललाय ते कळत नाही. शेवटच्याला कळतं कुठं गेला, पण कोण होता ते कळत नाही. मधल्याला दोन्हीतलं काही कळत नाही, आंधळा हमाल. म्हणून तिघं तीन घरचे हवेत. पहिला आणि शेवटचा एकाच घरचा निघाला तर ते घर दोन्हीकडचं बघू शकतं — आणि मग सगळा खेळ खलास. म्हणून जो कुणी दोन-चार मशीन चालवतो त्यानं यादी द्यायची, ह्या सगळ्या माझ्या, एका वाटेवर यांच्यातल्या दोन घेऊ नका. प्रत्येकीच्या फाइलमध्ये बाकी सगळ्यांचे नंबर. चाळीस अक्षरांचा एकेक नंबर. ती म्हणायची, 'बाकी सगळं चुकलं तरी चालेल, यादी चुकायची नाही. यादी म्हणजे आपण दिलेला शब्द.'

मग ती आजारी पडली. खोकला खोकला म्हणता म्हणता. चोवीस दिवस दवाखान्यात. विसाव्या दिवशी मला म्हणाली, वही आण. निळ्या पुठ्ठ्याची, ती बघा, तिकडे पट्ट्यांच्या खोक्यावर आहे ती. प्रत्येक नातेवाइकाला एक पान. म्हणाली, 'मी सांगते तसं करायचं. एकेक करून बंद करायच्या. आधी लोकांना कळवायचं — कडीकोयंडा थांबतेय, आभार. मग आठवड्याला दोन. आजी सगळ्यात शेवटी. घाई नाही आणि शूरपणा नाही.' माझ्याकडं बघून म्हणाली हं, शूरपणा नाही. ओळखून होती. मी म्हटलं हो. तिचा हात धरून हो म्हटलं, काका. म्हटलं, 'अगं, तू येशील घरी, तूच कर.' ती म्हणाली, 'हो म्हण नुसतं, पुढचं बोलू नको.'

आणि मी एकही बंद केली नाही. कशी करणार? भाचा रोज सकाळी सांगायचा, सगळे उभे आहेत. सगळे उभे आहेत म्हणजे — आता तुम्ही हसाल. हसा. मला वाटायचं तेवढं तरी तिचं चालू आहे. लोक जातायत तिच्या अंगणातून. तिसऱ्या महिन्यात एक दिवस मला राहवलं नाही, सुट्टी होती, मी बसलो आणि वहीत बघून बघून सहा नव्या उभ्या केल्या. एका दिवसात सहा! तिला एक उभी करायला आठवडा लागायचा, शंभर गोष्टी तपासायची. मी आजीच्या पानावरचं जसंच्या तसं सहा वेळा उतरवलं. नावं ठेवली ताई एक, ताई दोन, ताई तीन, अशी सहापर्यंत. तुमच्या लोकांना संशय येणार नाही तर काय होणार? एकाच दिवशी, एकाच छापाच्या, ओळीनं सहा. मला वाटलं मी तिचं स्मारक बांधलं.

यादीत का नाही घातल्या — तेच विचारताय ना? तुमच्या लोकांना वाटलं मुद्दाम लपवल्या. काहींना वाटलं आळस. आळशी मी आहेच, पण ते कारण नाही. कारण सांगायची लाज वाटते. त्या सहा यादीत घालायच्या म्हणजे जुन्या अकराच्या फायली उघडून त्यांच्यात नवे नंबर लिहायचे आणि सेव्ह करायचं. मी आजीची उघडली. वर दिसलं, शेवटचा बदल कधी झाला ते — तारीख आणि वेळ, नऊ वाजून बारा मिनिटं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीची सकाळ. मला आठवतं, ती डबा भरायच्या आधी बसली होती, मी म्हणत होतो, उशीर होतोय. तेव्हा केलेला तो बदल. मी सेव्ह म्हटलं की ती तारीख जाणार आणि माझी पडणार. अकरा ठिकाणी. तिचा हात शेवटचा जिथं लागला होता तिथून पुसून जाणार. नाही झालं माझ्याच्यानं. फाइल बंद केली. म्हटलं, यादी नंतर बघू. शाळेच्या फॉर्मसारखं, नंतर बघू. एका तारखेपायी मी तिचा शब्द मोडला, आणि ती तारीख कुणाला दिसते? मला. एकट्याला.

काय? नाही, छे. नाही बघितलं. मी कशाला बघू? तीच म्हणायची ना, कोण जातंय ते विचारायचं नाही. यादी चुकली तेवढंच, बाकी मी काही — पट्टे बदलून बदलून माझे हात असे झालेत बघा, काळे, हे धुऊन जातच नाही. तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. बाबा असंच बघतात, काही न बोलता, पूर्वीच्या नोकरीतलं आहे ते. बसडेपोत टाइमकीपर होते, चौतीस वर्षं. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर आपणहून कारणं सांगत सुटायचे म्हणे, हे नुसते घड्याळाकडं आणि त्याच्याकडं बघायचे.

बघितलं. हो. बघितलं, काका.

लिहून नाही ठेवलं काही, आईशपथ. नुसतं चालू असताना बघितलं. त्याला फाइल बदलावी लागत नाही, एक कमांड असते, वहीत नाही, मी शोधून काढली. एका खिडकीत आजी — आत कोण येतंय. दुसऱ्या खिडकीत त्या सहा — बाहेर कुठं चाललेत. मला तेव्हा हे कळलंच नाही की यादी नसल्यामुळं एकाच माणसाची वाट आजीतून आत आणि माझ्या एखाद्या ताईतून बाहेर जाऊ शकते. मला फक्त बघायचं होतं. कोणासाठी ती झिजली? दिवसभर शिव्या खाऊन घरी येऊन कोणासाठी बसायची? एक तरी माणूस दिसू दे, म्हटलं, ज्याला जाऊन सांगता येईल की बाबा रे, ती गेली. मयताच्या घरी लोक येतात ना भेटायला. तिच्याकडं कुणी आलंच नाही. ऑफिसातल्या दोघी आल्या, फुलं ठेवून गेल्या. आणि हे हजारो — रोज तिच्या दारातून जाणारे — त्यांना पत्ताच नाही. माझा राग होता त्यांच्यावर. खरं सांगतो, राग होता म्हणून बघितलं.

आणि पहिल्या आठवड्यात काय दिसलं? आमच्याच घरचा नंबर. वहीच्या पहिल्या पानावर तिनं घरच्या इंटरनेटचा नंबर लिहून ठेवला होता, मला पाठ झाला होता. घरच्या तिच्या लॅपटॉपला तिनं सांगून ठेवलं होतं, आत शिरायचं ते आजीतूनच. मला वाटलं काहीतरी आपोआप चालू राहिलंय. पण नाही. रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी येणार, अकरा चाळीसला जाणार. आई तेव्हा शाळेत असते, पोरांना खाऊ वाढायला. मी इथं. घरी कोण? सांगा, घरी कोण राहिलं?

तेच. ज्यांनी तिच्या मशीनींचं कधी कौतुक केलं नाही. जे तिला पोचवून आल्यावर सरळ घड्याळाला किल्ली द्यायला गेले. रडले नाहीत हो. एकदाही नाही. मी त्यांना त्याच आठवड्यात बोललो होतो, 'तुम्ही माणूस आहात का खांब?' आई म्हणाली, 'गप रे.' ते म्हणाले, 'जेव तू.' त्यानंतर आमच्यात मीठ वाढ, दिवा घालव, एवढंच बोलणं. आणि हा खांब रोज अर्धा तास तिच्या लॅपटॉपवर, तिच्या आजीतून आत शिरून, कुठंतरी जात होता. मी थांबायला हवं होतं ना? तिथं थांबलो असतो तर तुम्ही आज माझ्यासमोर बसला नसता. मी बघत राहिलो, कुठल्या खिडकीतून बाहेर पडतायत. बहुतेक दिवशी परक्यांच्या मशीनीतून जायचे, दिसायचं नाही. बाराव्या दिवशी ताई चारमधून गेले. बरोबर त्याच वेळेला एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं. बाहेरचा पत्ता मी फोनवर उघडला.

मुलं गेलेल्या आईबापांची जागा आहे ती. नाव लागत नाही, चेहरा लागत नाही, कुणीही लिहावं. मी वाचत गेलो आणि मला ते सापडले. दुसरं कुणी तसं लिहीलच ना? 'मुलगी गेली. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. नर्सच्या घड्याळात सहा अडतीस होते, ते दोन मिनिटं मागे आहे, मी दुसऱ्या दिवशी जाऊन तपासले.' असं. रोज थोडं थोडं. लहानपणी ती डेपोत यायची तेव्हा गाड्यांचे नंबर कसे ओळीनं म्हणायची. तिच्या चपला त्यांनी कुठं ठेवल्यात. आणि एक दिवशी — हे मी शब्दाला शब्द सांगतो — 'धाकटा आहे. त्याला वाटते मला काही वाटत नाही. तसेच वाटू द्यावे. त्याला कोणावर तरी रागवायला हवे, नाहीतर तो स्वतःवर रागवेल. मी घरात आहे तोवर माझ्यावर रागवू दे.'

माणसानं काय करावं यावर? मोबाइल खिशात घालावा, दुकान बंद करावं, घरी जाऊन बापाच्या शेजारी गप बसावं. बस्स. मी काय केलं? शटर उघडं टाकून पळत सुटलो. घरात आई, शेजारच्या काकू, मोठे मामा — खरे मामा, माणसातले — सगळे बसलेले. मी दारातूनच ओरडलो, 'बाबा, मला सगळं कळलं! तुम्ही तिथं लिहिता ते मी वाचलं!' आणि वाचून दाखवायला लागलो. मोठ्यानं! मला वाटलं — मला काय वाटलं कुणास ठाऊक. आता सगळे रडतील, ते मला जवळ घेतील. चपलांचं वाचलं, नर्सच्या घड्याळाचं वाचलं. मामा म्हणाले, 'अरे अरे, हे काय.' बाबांनी चष्मा काढला. इतका वेळ पुसला, इतका वेळ पुसला. मग अगदी हळू विचारलं, 'तुला कसं दिसलं?' मी फोन खिशात घातला. तर म्हणाले, 'ती म्हणाली होती, कुणालाही दिसत नाही. दोनदा विचारलं होतं मी तिला. दवाखान्यात तिनंच शिकवलं मला, म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलणार नाही, मला माहीत आहे, मग इथं बोला, इथं कुणाला दिसत नाही.' आणि मग — 'म्हणजे तिचं चुकलं होतं का?'

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. नाही बाबा, तिचं बरोबर होतं, दार मी फोडलं. एवढं वाक्य. तुमच्या लोकांना आईबहिणीवरून लिहिताना मला अडचण आली नाही आणि हे एक वाक्य मी आजवर बोललो नाही. त्यांनी लॅपटॉपला खोळ घातली आणि माळ्यावर ठेवला. त्यानंतर अकरा दहाला काही येत नाही. दोन महिने झाले. रोज मला डबा आणतात, एक दहाला इथं ठेवतात, आणि पाठ फिरवून जातात. आणि मधल्या काळात तुमच्या लोकांचं ते सभ्य पत्र आलं, आणि ते वाचताना मला ऐकू काय येत होतं माहीतंय? 'तुला कसं दिसलं?' म्हणून तसं उत्तर गेलं. कारण नाही देत. नुसतं सांगतोय.

सोळा बंद केल्या. तिनं सांगितलं तशा, एकेक करून. उशिरा का होईना. आजी राहिलीय. तुमच्या लोकांनी तिलाही बाहेर काढलंय, आता तिच्यातून कुणी जात नाही, दिवसभर नुसती उभी आहे, माणसं शून्य. मला बंद करवत नाही. वेड्यासारखं वाटतं, अकरा दहाला कोणी आलं तर.

काका, तुम्ही एक करा. मला माफ वगैरे करू नका, तुमच्या लोकांना मला माणसात घ्या असंही म्हणत नाही. त्यांना सांगा, अमुक तारखेनंतरची जी काही घाण आहे ती तिची नाही. ती अमुक दिवशी थांबली. नऊ वाजून बारा मिनिटांनी तिचा शेवटचा हात लागला आणि त्या वेळी यादी बरोबर होती. एकूण एक नंबर बरोबर होता. ही वही न्या, सगळं आहे यात, तिचं अक्षर बघितलं की पटेल त्यांना. नाव वरून चौथं आहे. ते काढा नुसतं. बाबांचं? बाबांचं तुम्ही कसं करणार, ते तुमच्या यादीत नाही. ते तर मलाच —

किती वाजले?

चप्पल वाजली. आले. तुम्ही उठू नका एकदम, बसा तसेच. — या बाबा. आज ऊन आहे ना? — हे? हे गिऱ्हाईक. मशीन गळतंय त्यांचं, तेच — नाही. गिऱ्हाईक नाहीत, बाबा. ताईच्या ओळखीचे आहेत. तिला भेटायला आले होते. लांबून आलेत. — नाव? नाव माहीत नाही मला. मी विचारलं नाही. तीही नाही विचारायची.

डबा ठेवा तिथं. जाऊ नका ना लगेच. बाबा, थांबा, मला तुम्हाला एक — काका, तुम्ही निघा आता. वही घेतलीत? बरं. नाही, आता काही नको, तुम्ही जा. जाताना शटर तेवढं अर्ध्यावर ओढा, कुणी येईल नाहीतर.

बाबा, त्या स्टुलावर नका बसू, डुगडुगतो तो. इथं बसा.